फडताळातले सतरा प्रश्न

बापूसाहेब वकिलांनी चाळीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात काढली आणि एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकले. तोंडानं काय वाटेल ते बोलावं, पण लिहून देऊ नये. लिहून दिलं की माणूस अडकला. हा नियम ते अशिलांना सांगत, मुलाला सांगत, दारावरच्या भाजीवालीलाही सांगत. घरातली किराण्याची यादीसुद्धा ते तोंडी बोलत आणि त्यांच्या पत्नी गीतांजलीबाई ती लिहून घेत. उद्या गुळाच्या जागी साखर आली तर चूक कोणाची, हे आधीच ठरलेलं असे.

कोर्ट सोडल्यावर पंचाईत झाली ती सकाळची. कोट चढवायचा नाही, बॅग उचलायची नाही, बोर्ड पाहायचा नाही. वकिलांच्या भाषेत बोर्ड म्हणजे त्या दिवशी कोर्टापुढे येणाऱ्या कामांची यादी, आणि ती डोळ्यांखालून गेल्याशिवाय बापूसाहेबांना चहा गोड लागत नसे. महिनाभर ते घरात असे काही हिंडले की गीतांजलीबाईंनी बंगलोरला मुलाला फोन केला, "श्रेयस, यांचं काही तरी कर बाप्पा, नाही तर मी कामाले लागते कुठं तरी."

श्रेयस सुट्टीत आला आणि त्यानं वडिलांना कॉम्प्युटरवर एक पान करून दिलं. कॉम्प्युटर सुरू केला की पहिल्यांदा तेच पान उघडायचं. पानावर चौकटी होत्या आणि एकेक चौकट एकेका वेबसाइटशी जोडलेली होती. त्या वेबसाइटवर नवीन काही आलं की ते आपोआप इथं चौकटीत येऊन पडायचं. नवीन असेल ते ठळक, वाचून झालेलं फिकट.

"म्हणजे मले कुठं जाले नको?" बापूसाहेबांनी विचारलं.

"नको बाबा. याला फीड म्हणतात. सगळे तुमच्याकडे येतील."

"अन् मी वाचलं, हे त्यांले समजते काय?"

"नाही समजत."

बापूसाहेबांना ही व्यवस्था बेहद्द आवडली. जगानं आपल्या दारात यावं, आपण कोणाच्या दारात जाऊ नये, आणि आपण ऐकलं की नाही याचा पुरावा मागं राहू नये. जन्मभर त्यांना याहून वेगळं काही नको होतं. त्यांनी त्या पानाचं नाव 'बोर्ड' ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, चहाचा कप घेऊन, ते बोर्डापुढे बसू लागले.

बोर्डावर हवामानाची चौकट होती, हायकोर्टाच्या निकालांची होती, मेळघाटात पाखरं पाहत हिंडणाऱ्या एका रिटायर मास्तरची होती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही रोज येई. बापूसाहेबांच्या नावावर एक गुंठाही शेत नव्हतं, पण कपाशीवर या आठवड्यात काय फवारावं हे त्यांना माहीत असे आणि मोर्शीकडचा एखादा संत्र्याचा बागवाला भेटला तर त्याला ते न विचारताच सांगत. आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, एक लहानशी चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं: फडताळ.

फडताळ हा सिंधूचा ब्लॉग. सिंधू म्हणजे बापूसाहेबांची धाकटी, एकुलती एक बहीण. अकोल्याला जठारपेठेत राहायची, तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. ही चौकट श्रेयसनं आपल्या मनानं टाकली होती. "हे काढून टाक," बापूसाहेब तेव्हा म्हणाले होते. श्रेयस म्हणाला, "कोपऱ्यात फुली आहे, तुम्हीच दाबा." तीन वर्षं झाली, फुली काही दाबली गेली नाही.

काढून टाक म्हणायचं कारण होतं जुईलीचं लग्न.

जुईली ही सिंधूची मुलगी. लग्न अकोल्याला होतं, मुहूर्त बारा वीसचा. सिंधूचे यजमान आदल्याच वर्षी गेलेले, त्यामुळे घरचं कर्तं माणूस म्हणजे मामा. नवरीला मांडवात आणायचं मामानं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचंही मामानंच. आणि नेमकी त्याच दिवशी बापूसाहेबांची एक तारीख निघाली. सिंधू म्हणाली, "तारीख वाढवून घे." बापूसाहेब म्हणाले, "उन्हाळ्याचं सकाळचं कोर्ट आहे, दहाले मोकळा होतो, बाराले मांडवात." गीतांजलीबाई आदल्या दिवशीच गेल्या, हे मागे राहिले. त्यांना स्वतःवर भरवसा होता आणि तो उगाच नव्हता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, सिंधूच्या लग्नाच्याच दिवशी, त्यांचा नागपूरला वकिलीचा पेपर होता. पेपर देऊन निघाले, वाटेत तळेगावला एसटी बंद पडली, एका ट्रकच्या टपावर बसून अमरावती गाठली, तिथून अंजनगाव सुर्जी, आणि अंगात तोच घामेजला सदरा असताना हा पठ्ठ्या बरोबर मुहूर्तावर मांडवात हजर. ही गोष्ट बार रूममध्ये प्रत्येक नव्या वकिलाला किमान तीनदा ऐकावी लागे.

जुईलीच्या लग्नाला मात्र बडनेऱ्याच्या पुढे एक ट्रक उलटून रस्ता अडला होता. बापूसाहेब पोचले तेव्हा पाऊण वाजून गेला होता, अक्षता पडल्या होत्या, आणि मामाच्या जागी चुलतभाऊ देवानंद फेटा बांधून उभा होता. बापूसाहेबांनी ते पाहिलं, पाकीट जुईलीच्या हातात दिलं आणि न जेवता परत फिरले. भांडण झालं नाही. आवाज चढला नाही. फक्त घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "त्या लग्नाचा विषय या घरात निघणार नाई." गीतांजलीबाई दोनदा काही तरी सांगायला आल्या, दोनदा त्यांनी हात वर केला, तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. भाऊबहिणीचे फोन आधी सणावारावर आले आणि मग सणावारीही थांबले. दर रविवारी गीतांजलीबाई स्वयंपाकघराचं दार लोटून अकोल्याला फोन लावत. बापूसाहेब त्या वेळी पेपर मोठ्यानं वाचत.

आणि तरी रोज सकाळी, सगळा बोर्ड पाहून झाला की, त्यांची नजर खाली उजव्या कोपऱ्यात जायची.

सिंधू लिहायची छान. आठवड्यातून दोनदा काही तरी येई. अंजनगावचे पानमळे, त्यांच्यातला गारवा, आईच्या हातचे पदार्थ, शाळेतल्या मुली. तिचे गुडघे दुखतात, तिनं गच्चीवर कढीपत्ता लावला, शेजारची मांजर तिच्याकडे व्याली, हे सगळं बापूसाहेबांना ठाऊक असे. आणि मधूनच, महिन्या-दोन महिन्यांनी, ती एक प्रश्न टाकायची. 'आमच्या शाळेची घंटा म्हणून काय टांगलं होतं? आठवत असेल त्यानं खाली लिहावं.' 'वडील पानमळ्यातून पानं आणत ती कशात गुंडाळून?' 'आई आंबाडीच्या भाजीत कण्या कशाच्या घालायची?'

बापूसाहेबांच्या चौकटीत 'खाली' असं काही नव्हतंच. चौकटीत फक्त मजकूर येई. आणि खाली असतं तरी काय, ते लिहून देणारे नव्हेत. ते उत्तर देत, पण तोंडी. पडद्याकडे बोट करून, खणखणीत आवाजात, पुरावा नोंदवल्यासारखे.

"रुळाचा तुकडा! शकुंतला गाडीच्या रुळाचा!"

"कोणाशी बोलून राहिले?" आतून आवाज येई.

"बोर्डाशी."

"बोर्ड काय म्हणते मग?"

यावर ते कप उचलत. चहाचा शेवटचा घोट घेत, चौकट फिकट होई, आणि दिवसभर त्यांचं मन प्रसन्न राही. सिंधूनं विचारलं, आपण सांगितलं. भेट झाली. गोष्ट संपली. आपण सांगितलेलं अकोल्यापर्यंत कसं पोचणार, हा साधा प्रश्न चाळीस वर्षं उलटतपासणी घेतलेल्या या माणसाला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. शहाणपण असं असतं बघा, दुसऱ्याच्या केसमध्ये चालतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सतरावा प्रश्न आला.

'माझे वडील अंजनगावला भिक्षुकी करत. त्यांच्याइतका मुहूर्ताला कडक माणूस पंचक्रोशीत नव्हता. नवरदेव घोड्यावरून उतरला नसला तरी यांचा हात अक्षतांवर. अशा माणसानं जन्मात एकदाच मुहूर्त टळू दिला. कोणासाठी? माहीत असेल त्यानं खाली लिहावं.'

बापूसाहेब हसले. "कोणासाठीच नाई! बाबांचा मुहूर्त अन् टळेल? प्रश्नच चूक आहे. दावा खारीज." आणि त्यांनी कपातला चहा संपवला.

त्यानंतर चौकटीत काही आलं नाही.

पहिला आठवडा त्यांचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गेलं. प्रत्येक मजकुराखाली तो कधी आला ते बारीक अक्षरात लिहून येई. हायकोर्ट: दोन तासांपूर्वी. पाखरंवाले मास्तर: काल. फडताळ: तेरा दिवसांपूर्वी. मग चौदा. मग पंधरा. आता बापूसाहेब सगळ्यात आधी तो खालचा कोपरा पाहू लागले. मांजरीची पिल्लं मोठी झाली असतील. गुडघ्याचं काय झालं? गच्चीवर चढताना पडली तर नाही?

अठराव्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "अकोल्यात उन्ह फार तापून राहिलं म्हणे."

"अकोल्यात दरवर्षीच तापते," गीतांजलीबाई म्हणाल्या.

"म्हाताऱ्या माणसाईनं जपाले पाहिजे."

"कोणत्या म्हाताऱ्या माणसानं?"

"एकूणच."

"एकूणच जपतात सगळे. भाजी वाढू काय?"

"तू रविवारी बोलली असशील ना?"

गीतांजलीबाईंनी पळी खाली ठेवली. "हे पहा, तुमाले तिची खुशाली पाहिजे तर तुमी फोन करा. मी काही तुमचा बेलिफ नाई समन्स घेऊन जाले." आणि त्या गालातल्या गालात हसल्या, पण बापूसाहेबांचं लक्ष ताटात होतं.

तेविसाव्या दिवशी त्यांनी श्रेयसला फोन केला. "तुझा बोर्ड बिघडला. एक चौकट बंद पडली."

श्रेयसनं तिकडून तपासलं. "काही बिघडलं नाही बाबा. आत्यानं नवीन काही लिहिलंच नाही, तर चौकटीत येणार काय? तुम्ही तिच्या पानावर जाऊन पाहा ना."

"पान हेच तर आहे."

"हे तुमचं पान. तिचं पान वेगळं. मजकुराच्या मथळ्यावर क्लिक करा, म्हणजे तिच्याकडे जाल. तुम्ही कधी गेलाच नाहीत?"

बापूसाहेबांनी फोन ठेवला. मग 'कोणासाठी?' या मथळ्यावर बाण नेला आणि दाबलं.

चौकट गेली आणि एक अख्खं पान उघडलं. वर फिकट निळा रंग, कोपऱ्यात सिंधूचा फोटो. तिचे केस इतके पांढरे झाले होते हे त्यांना माहीत नव्हतं. तीन वर्षं तिचं अक्षरन् अक्षर वाचलं, पण चेहरा त्या चौकटीत कधी आला नव्हता. ते मजकूर वाचत खाली आले, आणि मजकूर संपला तिथं पान संपलं नाही. तिथं 'प्रतिक्रिया' असा मथळा होता आणि खाली एकच ओळ होती, सिंधूचीच.

'बरं. आता विचारणं बंद.'

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते मागे मागे गेले. जिथं तिनं मांजरीवर किंवा शाळेवर लिहिलं होतं, तिथं जुन्या विद्यार्थिनींनी चार-चार ओळी लिहिल्या होत्या. 'मॅडम, तुम्ही आम्हाला आठवीला होत्या.' पण प्रश्नांखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. कोण लिहिणार? अंजनगावच्या त्या घरातली माणसं उरली होती दोन. एक विचारत होती. शाळेच्या घंटेखाली, प्रश्नानंतर आठ दिवसांनी, तिनं स्वतःच लिहिलं होतं: 'वाट पाहते.' पानांच्या प्रश्नाखाली: 'घाई नाही.' आंबाडीच्या भाजीखाली: 'उत्तर ठाऊक असलेला माणूस एकच आहे. तो रोज वाचतो असं श्रेयस सांगतो.' ही ओळ अडीच वर्षांपूर्वीची होती.

त्यांना लाज वाटली. आपण इथं खुर्चीत बसून बोट दाखवत ओरडत होतो आणि तिकडे ती दार उघडं ठेवून बसली होती. समोरची बाजू हजर नसताना आपण सतरा एकतर्फी निकाल दिले आणि सतराही वेळा खूश होऊन चहा प्यालो.

त्या दिवशी त्यांनी जेवायला यायला उशीर केला. कपाटातून हिरवा लेजर पेपर काढला, समास आखला आणि वर मध्यभागी लिहिलं, 'कैफियत'. प्रतिवादीनं कोर्टात द्यायचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. खाली एक ते सतरा आकडे टाकून एकेक उत्तर लिहिलं. बोट दाखवून सांगितलेलं सगळं आता कागदावर आलं. शेवटी सही केली. मग आठवलं की मुदत उलटून तीन वर्षं झाली. तेव्हा दुसऱ्या कागदावर त्यांनी विलंब माफीचा अर्ज लिहायला घेतला. 'अर्जदार नम्रपणे विनंती करतो की कैफियत दाखल करण्यास झालेला विलंब माफ व्हावा. विलंबाचे कारण:' एवढं लिहून पेन थांबलं. असे अर्ज त्यांनी हजार लिहिले असतील. ताप, पूर, अशिलाच्या घरी मयत. इथं काय लिहावं? ती जागा त्यांनी कोरीच ठेवली.

"उद्या अकोल्याले जातो," ते गीतांजलीबाईंना म्हणाले. "तिची तब्येत..."

"तब्येतीले काय झालं? ठणठणीत आहे."

"मग लिहीत काहून नाई?"

"ते तिलेच विचारा," गीतांजलीबाई म्हणाल्या आणि डबा भरायला उठल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे बापूसाहेबांना तेव्हा कुठं उमगलं.

सकाळच्या एसटीनं ते निघाले. बडनेऱ्याच्या पुढे ती ट्रक उलटल्याची जागा आली. रस्ता मोकळा होता. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली, त्यांनी चहा घेतला नाही. पिशवीतला हिरवा कागद दुमडू नये म्हणून ती मांडीवर उभी धरून बसले होते.

दार सिंधूनं उघडलं. पायात मांजर. तिनं भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आला काय?"

"आलो."

"ये. चपला तिकडे काढ, पिल्लं नेतात."

एवढंच. बापूसाहेबांनी वाटेत तयार केलेलं सगळं भाषण जागच्या जागी विरलं. ती पाणी घेऊन आली, समोर बसली, आणि मग म्हणाली, "तीन वर्षं विचारून राहिली, तर आला नाई. तीन आठवडे गप्प बसली, तर आला. आधी माहीत असतं तर लवकर गप्प बसली असती."

बापूसाहेबांनी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवले. सिंधूनं चष्मा लावला. वरचा अर्ज वाचला.

"कारण कोरं आहे."

"हो."

"काहून?"

वकिलांनी खाली पाहिलं. "मले वाटे, मी रोज वाचतो, म्हणजे रोज भेटतो. मी सगळ्यांची उत्तरं देत होतो सिंधू. खरंच. मोठ्यानं देत होतो."

"वहिनी सांगते मले. आमी दोघी हासतो." सिंधू हसली, पण लगेच तिचा आवाज उतरला. "हासलो तरी वाईट वाटतच होतं, दादा. तुले माझी रोजची खबर, अन् मले तुझी? तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेबी वहिनीकडून समजलं. माझ्यासाठी तू त्या खिडकीच्या मागं उभा होता. मले दिसत नाई, ऐकू येत नाई, फक्त कोणी तरी सांगते, तिथं आहे म्हणून."



तिनं टेबलावरचं लाल पेन उचललं. तीस वर्षांची सवय, पुढ्यात लिहिलेला कागद आला की हात लाल पेनाकडे जायचाच. "पहिला प्रश्न. शाळेची घंटा, रुळाचा तुकडा." तिनं फुली मारली. "चूक."

"चूक कसं? रूळच होता!"

"रूळ मागून आला. त्याच्या आधी नांगराचा फाळ होता. तू आठवीत अमरावतीले गेला शिकाले, मी तिथंच होती. रूळ तू सुट्टीत येऊन पायला असशील."

बापूसाहेबांनी तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. "मान्य."

पानं केळीच्या सोपटात, बरोबर. आंबाडीत ज्वारीच्या कण्या, बरोबर, पण तुरीची डाळ राहिली, अर्धा मार्क. मारकुट्या गुरुजींचं नाव चूक, ते त्यांच्या भावाचं. एकेक उत्तरावर दोघांची जुंपली. अकरा वाजले, बारा वाजले. खोलीत आई येऊन गेली, बाबा येऊन गेले, पानमळ्यातला चिखल आला. बापूसाहेब हरत होते आणि इतकं मजेत आयुष्यात कधी हरले नव्हते.

"सोळापैकी साडेदहा," सिंधूनं बेरीज केली. "आता सतरावा."

बापूसाहेबांनी तिथं ठसठशीत लिहिलं होतं, 'कोणासाठीही नाही.' सिंधूनं त्याच्यावर पेन टेकवलं, पण फुली मारली नाही. पेन खाली ठेवलं.

"माझं लग्न आठवते?"

"आठवते म्हणजे? नागपूरहून पेपर देऊन..."

"ट्रकच्या टपावर बसून, बरोबर मुहूर्तावर. माहीत आहे. पन्नास वेळा ऐकलं." ती थांबली. "तू मुहूर्तावर नव्हता पोचला, दादा."

"काय बोलते?"

"मुहूर्त गोरज होता. सूर्य मावळला, तू नाई. भटजी अक्षता वाटून मोकळे झाले होते. तेव्हा बाबा उठले. म्हणे, मंगलाष्टकं मी म्हणतो. अन् म्हणाले लागले. एक झालं, दोन झाले, आठ झाले. थांबेचना माणूस. जुनी, नवी, मधातल्या मधात रचलेली. आवाज बसला, पाणी प्याले, पुन्हा सुरू. अंतरपाटाच्या आड मी उभी, अन् मले सगळं समजत होतं. व्याही कुजबुजून राहिले, आई रडून राहिली, मुहूर्त केव्हाच टळला. मग तू घामेजला आत शिरला, बाबांनी तुझ्याकडं पायलं अन् तेव्हा सावधान म्हटलं. रातच्याले मले म्हणाले, त्याले सांगू नको. वेळेवर पोचलो म्हणून खूश आहे, राहू दे."

बापूसाहेबांना त्या मांडवातली गॅसबत्ती आठवली. आपण शिरलो तेव्हा बाहेर पूर्ण अंधार होता, हे त्यांना आज पहिल्यांदा आठवलं. गोरज मुहूर्ताला गॅसबत्ती कशाला लागेल? पंचेचाळीस वर्षं गोष्ट सांगितली आणि तो अंधार कधी दिसला नाही.

"अन् जुईलीच्या लग्नात..." ते कसेबसे म्हणाले.

"जुईलीच्या लग्नात मी भटजीले सांगतलं, म्हणत रहा. तो म्हणे, बाई, मले दीड वाजता दुसरं लग्न आहे. मी म्हटलं, माझा भाऊ येऊन राहिला. सतरा मिनिटं थांबवलं मी. मुलाकडचे तोंडं वाकडी करून राहिले, माझ्या बाजूनं बोलाले घरचा माणूस नाई. मग देवानंदले उभं केलं. अन् तू आला, त्याच्याकडं पायलं, अन् एक शब्द न विचारता गेला."

"गीतांजलीनं मले कधी..."

"तुनं बोलू देलं काय तिले?"

त्यांनी बोलू दिलं नव्हतं. हात वर केला होता. दोनदा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

सिंधू उठली. आतून लॅपटॉप घेऊन आली, फडताळ उघडलं, सतराव्या प्रश्नापाशी नेलं आणि लॅपटॉप भावापुढे सरकवला. "कागद मी ठेवून घेते. पण प्रश्न इथं विचारला होता, उत्तर इथं पाहिजे."

बापूसाहेबांनी एका बोटानं मराठी अक्षरं शोधायला सुरुवात केली. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा हुडकावी लागत होती. मांजर येऊन पायाशी बसली. दहा मिनिटांनी दोन ओळी झाल्या. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "हे सगळ्यांले दिसते काय?"

"सगळ्यांले."

"लिहून देलं की माणूस अडकते, सिंधू."

"अडक एकदाचा."

त्यांनी बटण दाबलं. सिंधूनं चष्मा सारखा केला आणि वाचलं. 'बरं. आता विचारणं बंद' या ओळीच्या खाली आता लिहिलेलं होतं: 'बाबांनी एकदा, सिंधूनं एकदा. दोन्ही वेळा माझ्यासाठी. सही, तुझा दादा.'

तिनं पदरानं डोळे पुसले आणि लॅपटॉप मिटला.

"जेवून जाशील ना? मागच्या खेपेले तसाच गेला."

बापूसाहेब हात धुवायला उठले.